गालिच्याची पाठ पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत गालिच्यांवर अख्खं पान आलं होतं, फोटो सुंदर होते, मी ते पान कापून ठेवलंय. पण तीन वेगवेगळ्या फोटोंखाली एकच नाव छापलंय, पर्शियन ट्रायबल रग, म्हणजे इराणच्या भटक्या टोळ्यांचा गालिचा, आणि त्यातल्या एका फोटोत गालिच्याचा कोपरा जरा दुमडलाय तिथे खाली पांढरं कापड चिकटवलेलं अगदी स्पष्ट दिसतंय. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याला पाठीमागे कापड चिकटवलेलं नसतं हो. मी काही या धंद्यातली नाही, मुलुंडला राहते, शाळेत शिकवायचे, आता रिटायर्ड आहे. पण याच एका गोष्टीत आमच्या घरातले बत्तीस हजार रुपये गेलेत आणि मुलीचा जीव हळहळला तो वेगळाच, म्हणून एवढं लांब पत्र लिहायला बसले.

आधी आमच्याकडच्या जुन्या गालिच्याचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझे सासरे मर्चंट नेव्हीत होते, इंजिन रूममध्ये. १९७५ च्या सुमारास इराणच्या खोर्रमशहर बंदरात त्यांचं जहाज अडकून पडलं, तेव्हा तिकडच्या बंदरांत एवढी गर्दी असायची की जहाजं आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभी असायची. तर त्या मुक्कामात त्यांनी बाजारातून एक गालिचा घेतला, तीन बाय पाच फुटांचा, गडद लाल आणि जवळजवळ काळाच वाटेल असा निळा. सासूबाईंना तो आवडला नाही. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला चार बोटं कमी, आणि मधेच लाल रंगाचा एक पट्टा विटकरी झालेला, त्यांना वाटलं यांना बाजारात कोणीतरी फसवलं, खराब माल गळ्यात मारला. मग तो गुंडाळून माळ्यावर गेला, डांबरगोळ्या घालून, आणि पंचवीसेक वर्षं तिथेच होता. सासूबाई गेल्यावर माळा आवरताना मी तो खाली काढला. एका टोकाला कसर लागली होती म्हणून विचारत विचारत भेंडीबाजाराकडच्या एका म्हाताऱ्या काश्मिरी रफूगरांकडे नेला. त्यांनी गालिचा हातात घेतला तो सरळ उलटाच केला, समोरची डिझाइन बघितलीच नाही आधी.

त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला सासऱ्यांची फार आठवण आली. ते म्हणाले हा बलुची आहे, म्हणजे बलुच टोळ्यांचा, इराणच्या पूर्वेकडचा, खोरासानच्या बाजूचा. कडेची काळी शिवण बोटाने दाबून बघायला लावली, राठ लागते, ते बकरीचे केस. दोन्ही टोकांना गाठींऐवजी चार बोटं सपाट विणकाम आहे ते पण त्या लोकांची खूण. आणि तो वाकडेपणा? फिरत्या टोळ्यांचा माग जमिनीवर आडवा असतो, चार खुंट्या ठोकून ताणलेला, मुक्काम हलला की अर्धवट गालिचा मागासकट गुंडाळून जनावरावर लादायचा आणि पुढच्या मुक्कामाला परत खुंट्या ठोकायच्या. ताण दरवेळी तोच कसा येणार. त्यात शहरी कारखान्यात ताणा, म्हणजे उभे धागे, सुती असतो, काशान इस्फहान या इराणी शहरांकडे तर कधी रेशमी पण, तो ताठ राहतो. टोळ्यांकडे मेंढ्या आहेत म्हणून ताणा पण लोकरीचा, बाणा म्हणजे आडवे धागे ते पण लोकरीचे, आणि लोकर ताणली की कमीजास्त होते. विटकरी पट्टा म्हणजे रंग उडालेला नाही, पहिल्या घाण्यातली रंगवलेली लोकर संपली आणि दुसऱ्या घाण्याचा रंग थोडा वेगळा आला, त्याला अब्रश म्हणतात. जाणकार लोक तो पट्टा बघून खूश होतात. सासूबाईंना जे दोष वाटले तेच त्या गालिच्याचं सगळं गोत्र सांगत होते, आणि आम्ही तो माळ्यावर टाकला होता.

मग मी नादालाच लागले, वाचायला मिळेल ते वाचलं. ट्रायबल म्हणजे एकच जमात नाही हे पण तेव्हाच कळलं. शिराझच्या आसपास फार्स प्रांतात कश्काई, ते तुर्की बोलीचे, उन्हाळ्यात झाग्रोस डोंगरात वर जातात आणि थंडीत आखाताच्या बाजूला खाली उतरतात, शेकडो किलोमीटरची वाट. मग बख्तियारी, लूर, केरमानकडचे अफशार, उत्तरेला तुर्कमेन, आणि बलुच. फार्समधल्या गालिचा विणण्याच्या कलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतलं, त्याच वर्षी काशानच्या कलेला पण. फार्सकडे पुरुष लोकर कातरतात आणि माग मांडतात, पुढे सूत काढणं, रंग, नक्षी, विणणं यात बायकांचा हात. समोर कागदावर काढलेला नकाशा नसतो. ती बाई मनातूनच विणते, आजूबाजूला दिसतं ते, बकरी, झाड, तंबू, पाण्याचा झरा, त्यामुळे तीच बाई परत तोच गालिचा विणू शकत नाही. आणि रंग पण घरचेच, लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा, नीळ, अक्रोडाची सालं, डाळिंबाची सालं, चेरीचे देठ, लेट्युसची पानं सुद्धा. नीळ, मंजिष्ठ आणि डाळिंबाची सालं तर आपल्याकडे पण रंगाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरलीत.

माझ्या मुलीने एकदा पट्टी घेऊन आमच्या गालिच्याच्या पाठीवर गाठी मोजल्या. एका इंचात आडव्या आठ, उभ्या दहा, म्हणजे चौरस इंचाला ऐंशी. तीन बाय पाच फूट म्हणजे दोन हजार एकशे साठ चौरस इंच, गुणिले ऐंशी, एक लाख बाहत्तर हजार आठशे गाठी! शहरी गालिच्यांच्या मानाने ऐंशी म्हणजे जाडेभरडेच धरतात. तरी हात बसलेल्या विणकर बाईने सगळा दिवस दुसरं काही न करता आठ हजार गाठी मारल्या असं धरलं तरी नुसत्या गाठींचे बावीस दिवस झाले, आणि तिला तर भाकरी, पोरं, दूध, पाणी सगळंच होतं. लोकर कातरण्यापासून धरलं तर किती महिने गेले असतील. ती कोण होती ते आम्हाला कधीच कळणार नाही, पण तिच्या हाताची प्रत्येक गाठ उलट बाजूला दिसते, अजून.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असं वाटत असेल तर आपले शब्दच बघा ना. गालिचा हा शब्द फारसी, काली म्हणजे मोठा गालिचा आणि कालीचे म्हणजे छोटा. जाजम पण तिकडूनच आलं, इराणातले भटके लोक अजून जाजीम नावाचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड विणतात. घोड्यावर टाकायची दुहेरी पिशवी ती खुरजी, तिकडे तिला खोर्जीन म्हणतात आणि टोळ्यांच्या बायका ती पण गाठी मारून नक्षीने भरून टाकतात. आपण हळदीकुंकवाला, आरतीला सतरंजी जाजम अंथरत आलो, खाली बसणारी माणसं आपण. त्यामुळे हॉलमध्ये असा गालिचा घालणं म्हणजे कोणाची तरी परदेशी फॅशन उचलली असं मला अजिबात वाटत नाही.

आता बत्तीस हजारांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मुलीने ठाण्याला घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. सगळं पांढरं आणि राखाडी, पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, चकचकीत टाइल्स, आजकाल सगळे फ्लॅट असेच असतात. तिला आजोबांच्या गालिच्यासारखा एक मोठा हवा होता, पाच बाय आठचा, कारण लहानपणापासून ती त्याच्यावर लोळून अभ्यास करायची. उपनगरातल्या एका मोठ्या फर्निशिंगच्या दुकानात गेली, नाव लिहित नाही. तिथे सांगितलं हँडमेड, पर्शियन ट्रायबल, प्युअर वूल. मी बरोबर नव्हते. तिने दशा बघितल्या, लोकर हाताला मऊ लागली, घेऊन टाकला. मी गेले तेव्हा पहिल्यांदा कोपरा उचलला तर खाली जाड कापड. मनात चर्र झालं. बोलले नाही त्या दिवशी, वास्तुशांत होती.

पहिल्याच पावसाळ्यात त्याला आंबूस कुबट वास यायला लागला. खाली टाइलवर पिवळट पावडर पडायला लागली, रोज झाडायची आणि रोज परत. झालं होतं काय, तो टफ्टेड होता. म्हणजे ताणलेल्या कापडात हातातल्या मशीनने, गनच म्हणतात त्याला, धागे घुसवत जायचं, मागून लॅटेक्सचा डिंक फासायचा, आणि तो डिंक झाकायला वर कापड चिकटवायचं. गाठ एकही नाही. सगळा धागा त्या डिंकावर धरलेला आणि आपल्या मुंबईच्या हवेत तो डिंक खराब व्हायला वेळ लागत नाही. दशा वेगळ्या शिवलेल्या होत्या. खऱ्या गालिच्याच्या दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, त्या वेगळ्या शिवाव्या लागतच नाहीत, तिथेच कळतं. आणि गंमत वाटू नये अशी गोष्ट म्हणजे हँडमेडबद्दल दुकानदार खोटं बोलला असं पण म्हणता येत नाही, गन हातातच धरतात ना, मग हँडमेड! आम्ही बिल घेऊन गेलो. बिलावर नुसतं कारपेट, साइज आणि नग एक. लोकर नाही, गाठी नाही, इराण नाही, काहीच नाही. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर करणार, १९१५ नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं पण ठरवलं होतं पण हातात कागद तोच.

टफ्टेड घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. ज्याला पाच वर्षंच वापरायचाय, घरात लहान मूल आहे, बजेट कमी आहे त्याने खुशाल घ्यावा, मशीनचा पण घ्यावा. पण टफ्टेडच्याच किमतीला आणि टफ्टेड याच नावाने घ्यावा. पैठणी घेताना आपण काय करतो? दुकानदार कितीही गोड बोलो, पदर उलटा करून बघतोच. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी, यंत्रमागाची असेल तर मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. आपल्याकडे बारा वर्षांच्या मुलीला पण हे माहिती असतं. किलीम म्हणजे ती बिनगाठीची सपाट विणलेली सतरंजीसारखी असते ना, तिची आणि पैठणीच्या पदराची विणण्याची पद्धत तर चुलत बहिणीच म्हणा, रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेतच पुढेमागे फिरवायचा. मग जी नजर साडीला आहे ती गालिच्याला का नको? उलटा करा. पाठीवर समोरची नक्षी तशीच दिसली, गाठी मोजता आल्या, थोड्या कमीजास्त आकाराच्या असल्या तर हाताचा. अगदी एकसारख्या, यंत्रासारख्या सरळ रेघा आणि कडा मशीनने शिवलेल्या तर यंत्रमागाचा. कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड. लोकरीची खात्री करायची तर एक सुटा धागा घेऊन जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरली जाणारी राख झाली तर लोकर, वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिकच. आणि ओलं पांढरं फडकं जरा दाबून बघायचं, रंग लागला तर सोडून द्या. हे सगळं त्या रफूगर चाचांनी शिकवलं, ते आता नाहीत.

मुंबईत लोकरीचा गालिचा टिकणार कसा असं मला सगळे विचारतात, आमचा तर आता पन्नाशीला आला. खरं सांगायचं तर पाण्यापेक्षा आपल्या सवयींनी जास्त खराब होतो. बाई फरशी पुसून जाते आणि ओल्या फरशीवरच गालिचा परत पसरला जातो, तो खालून सादळतो, मग वास. मी फरशी पूर्ण वाळेपर्यंत तो खुर्चीच्या पाठीवर टाकते. पावसाळ्यात खिडकीपासून लांब, पंख्याखाली, आणि आठवड्यातून एकदा उलटा करायचा. कसर अंधारात, सोफ्याखाली, जिथे हात फिरत नाही तिथे लागते, रोजच्या पायाखालच्या भागाला लागत नाही, म्हणून सहा महिन्यांनी गालिचा फिरवून घालायचा. चहा सांडला तर चोळायचं नाही, कोरडं फडकं दाबून टिपायचं. कपड्यांची पावडर तर लावूच नका, त्यातल्या खाराने लोकर मरते, मी गार पाण्यात रिठा वापरते आणि सावलीत अगदी खडखडीत वाळवते, ते पण एप्रिल मे महिन्यात. ठेवायचा झाला तर घडी नाही, गुंडाळी, आणि प्लास्टिकमध्ये नाही, जुन्या सुती साडीत. टाइलवर घसरतो म्हणून खाली रबराची जाळी घालायची, आमच्याकडे म्हातारं माणूस होतं म्हणून हे पहिल्या दिवसापासून. बस, एवढंच.

सजावटीचं म्हणाल तर त्या पानात उशा, पडदे सगळं गालिच्याला मॅचिंग घ्या असं लिहिलं होतं, मला नाही पटलं. अशा गालिच्यात आठ दहा रंग आधीच असतात, त्याला एकटं सोडावं. वन बीएचकेमध्ये तीन बाय पाच पुरतो, सोफ्यापुढे किंवा झोपाळ्याखाली. भिंतीवर लावायचा तर खिळे ठोकू नका, मागे कापडाची नळी शिवून त्यात दांडी घाला.

एक गोष्ट मात्र मनात राहते. माझं माहेर सांगलीकडचं. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे तांडे, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे, कश्काई लोकांचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. त्या मेंढरांच्या काळ्या लोकरीचं घोंगडं, सनगर लोक मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ देऊन, आजोबा ते पावसात डोक्यावरून घ्यायचे आणि पाणी आत येत नव्हतं. आज मामेभाऊ सांगतो लोकर कोणी घेत नाही, कातरायची मजुरी पण निघत नाही म्हणून कधीकधी टाकून देतात. फार्समधल्या बायकांचं काम जगाच्या यादीत गेलं, चांगलंच झालं, जायलाच हवं होतं, पण आपल्या पुरवणीत घोंगडं कधी आलं का? पांढऱ्या राखाडी हॉलमध्ये काळं घोंगडं किती सुरेख दिसतं ते एकदा घालून बघा.

आणि इकडच्या गालिच्यांचं पण तसंच. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांना २०१० मध्ये आणि काश्मीरच्या गालिच्यांना २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, काश्मीरच्या गालिच्यांवर तर २०२२ पासून क्यूआर कोडचं लेबल लावायला सुरुवात झाली, कुठे बनला, कोणत्या प्रकारचा ते कळतं. म्हणजे लेबल लावणं अशक्य नाही. ऑनलाइन विकताना वस्तू कोणत्या देशाची ते लिहायचं बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासून आहेच. मग गाठींचा, टफ्टेड की यंत्रमागाचा, आणि लोकर किती टक्के, या दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? तोपर्यंत घेणाऱ्यांनी बिलावर लिहून घ्यावं, हाताने गाठी मारलेला, शुद्ध लोकर, अमुक देशाचा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर तिथून उठावं. विणायला लहान मुलं तर लावली नाहीत ना हे पण विचारावं, बालमजुरी नाही हे सांगणारं रगमार्कचं लेबल १९९४ पासून होतं, आता त्याला गुडवीव्ह म्हणतात.

आपल्याकडे माझी मागणी एकच आहे. पुढच्या वेळी गालिच्यांचं पान कराल तेव्हा प्रत्येक फोटोखाली तो कसा बनलाय आणि कशाचा बनलाय ते लिहा, आणि एका तरी गालिच्याची पाठ छापा, मोठी, गाठी दिसतील अशी. आपल्याकडे तसा फोटो नसेल तर आमच्याकडे फोटोग्राफर पाठवा, मी गालिचा उलटा करून ठेवते, सकाळी अकराच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये उजेड चांगला असतो.

आपली नियमित वाचक,
मुलुंड पूर्व, मुंबई